कोथरूडचे घर : गालिचे निवडतानाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

कोथरूडमधील या तीन बेडरूमच्या फ्लॅटच्या अंतर्गत सजावटीचे काम माझ्याकडे आहे. सुतारकाम संपत आले आहे आणि रंगाचा शेवटचा हात बाकी आहे. आजची भेट फक्त गालिच्यांसाठी ठेवली होती. गालिचा म्हणजे सगळे काम झाल्यावर उरलेल्या पैशांत घ्यायची वस्तू, अशी बहुतेक घरांत समजूत असते. मी सोफ्याचे कापड आणि पडदे पक्के करण्याच्या आधीच हा विषय काढते, कारण कापड हव्या त्या छटेत बाजारात सापडते, पण हव्या त्या मापाचा आणि रंगाचा लोकरी गालिचा शोधत फिरावे लागते, आणि विणून घ्यायचा तर महिने जातात.

घरात नोकरी करणारे पती-पत्नी, ६ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांच्या आजी राहतात. टेप काढण्यापूर्वी मी तासभर नुसती बसून राहिले. घरात सगळे अनवाणी वावरतात. मुलगा सोफ्यावर कमी आणि सोफ्याला पाठ टेकून जमिनीवर जास्त बसतो. आजींचा मुक्काम हॉलच्या दक्षिण टोकाच्या दिवाणावर असतो आणि तिथून स्वयंपाकघराकडे त्यांच्या दिवसातून दहा-बारा फेऱ्या होतात. मावशी सकाळी केर काढून लगेच ओल्या फडक्याने फरशी पुसतात. बाहेर पाऊस होता, त्यामुळे ती वाळायला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागला. फरशी चकचकीत, हस्तिदंती रंगाची, दोन फुटी व्हिट्रिफाइड आहे; तिच्यावर एक सुती आसन टाकून पाय रेटला, तर ते तेलावरून घसरावे तसे निसटले. गॅलरी पश्चिमेला असल्याने पाऊस नसेल तेव्हा दुपारी चारपासून ऊन थेट सोफ्यापर्यंत पोहोचते, असे त्यांनी सांगितले.

घरच्या ताईंनी, म्हणजे मुलाच्या आईने, मोबाइलमध्ये जपून ठेवलेली छायाचित्रे दाखवली. त्यांत पांढऱ्याशुभ्र लांब लवेचा (वर उभ्या राहणाऱ्या तंतूंचा) एक गालिचा, ज्यूटचा एक गोल गालिचा आणि जेवणाच्या टेबलाखाली पसरलेला एक नक्षीदार गालिचा होता. छायाचित्रांतून माणसाची रंगाची आवड कळते, म्हणून ती मी नीट पाहिली. वहीत मात्र वेगळेच प्रश्न लिहून घेतले : हा गालिचा रोज कोण झाडणार, फरशी पुसताना तो कोण उचलणार, आणि फरशी वाळेपर्यंत तो कुठे असणार.

१३ जून २०२४

आजचा पूर्ण दिवस मापात गेला आणि तो जायलाच हवा होता. गालिच्याचा रंग चुकला तर डोळा सवय करून घेतो. माप चुकले तर खोली कायम अपुरी दिसत राहते.

बसण्याच्या भागाची रुंदी भिंतीपासून भिंतीपर्यंत ११ फूट आहे. सोफा ३ फूट खोल आणि साडेसात फूट लांब आहे, आणि समोरचे टीव्हीचे युनिट १६ इंच पुढे आले आहे. ताईंना ४ बाय ६ फुटांचा गालिचा पसंत होता, म्हणून आधी तेवढ्याच मापात जमिनीवर वर्तमानपत्रे पसरली आणि कडेने मास्किंग टेप लावली. टीपॉय मधोमध ठेवल्यावर त्याच्या चारही बाजूंनी जेमतेम फूटभर कागद उरला आणि सोफा त्याला कुठेच शिवत नव्हता. पाण्यात सोडून दिलेल्या होडीसारखा तो तुकडा खोलीच्या मध्ये तरंगत होता. सोफ्यावर बसलेल्या ताईंचे पाय फरशीवरच होते. हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्या स्वतःच म्हणाल्या, “मग आपण पाय ठेवायचे कुठे?”

त्यानंतर ५ बाय ८ आणि ६ बाय ९ असे कागद पसरले. ८ बाय १० फुटांचा गालिचा घेऊन टाका, मोठा कधी वाईट दिसत नाही, असे आमच्या क्षेत्रात सर्रास सांगितले जाते. इथे ते लागू पडत नाही. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर ८ इंच तरी आले पाहिजेत, म्हणजे गालिचा भिंतीपासून २ फूट ४ इंचांवर सुरू होतो. तिथून ८ फूट मोजले की तो टीव्हीच्या युनिटखाली ८ इंच घुसतो, युनिटच्या खालच्या खणांची दारे अडतात आणि फरशीची कड कुठेच दिसत नाही. ६ फुटांचा गालिचा ८ फूट ४ इंचांवर संपतो आणि युनिटपुढे १६ इंचांची फरशी मोकळी राहते. लांबीच्या दिशेने ९ फूट घेतले की सोफ्याच्या दोन्ही अंगांना ९-९ इंच बाहेर दिसतात. सोफा गालिच्याहून लांब असला की तो कडेवरून ओघळल्यासारखा वाटतो, म्हणून ही दोन्हीकडची वीतभर जागा मी सोडत नाही. दोन फुटी फरशीमुळे हिशोब डोळ्यांनाही पटतो : रुंदीला जवळजवळ तीन फरश्या आणि लांबीला साडेचार.

हॉलसाठी ६ बाय ९ पक्के केले. कागद आणि टेप दोन दिवस तशीच ठेवायला सांगितली आहे. घरातली माणसे येता-जाता कुठे पाय ठेवतात, हे कागदावरच्या सुरकुत्यांवरून समजते.

१५ जून २०२४

सर्वांत जास्त कागद दक्षिणेकडच्या कडेला फाटला आहे, म्हणजे आजींच्या वाटेवर. ही कड पातळ असायला हवी, अशी नोंद ठेवली.

जेवणाच्या टेबलाखाली गालिचा नको, हेही आज ठरले. टेबल ५ बाय ३ फुटांचे आहे. खुर्ची मागे ओढल्यावर तिचे मागचे पाय गालिच्यावरच राहावेत यासाठी चहूबाजूंनी किमान २ फूट जास्त लागतात, म्हणजे ९ बाय ७ फूट, आणि तेवढी जागा तिथे नाही. जागा असती तरी मी आग्रह धरला नसता. आमटी, लोणच्याचा खार आणि हळद रोज जिथे सांडू शकते, तिथे लोकर किंवा सूत अंथरणे म्हणजे मावशींच्या कामात भर घालणे आहे, आणि हळदीचा डाग तर लोकरीवर रंगासारखाच बसतो. ताईंना थोडे वाईट वाटले. मी टेबलाच्या वरच्या दिव्याची उंची कमी करून तो कोपरा उबदार करण्याचे सुचवले आहे.

१ जुलै २०२४

ज्यूटचा प्रश्न तोंडी वाद घालून सुटणार नव्हता, म्हणून १७ जून रोजी फूटभर लांब-रुंद ज्यूटचा एक तुकडा गॅलरीच्या दाराजवळ ठेवला होता. आज तो उचलला. खालच्या बाजूला कुबट वास येत होता आणि फरशीवर तांबूस भुसा पडला होता. वरच्या बाजूला मी मुद्दाम एक चमचा साधे पाणी टाकले होते. ते वाळल्यावर चहा सांडल्यासारखे तपकिरी कडे उमटले आहे. तंतूंमधलाच रंग पाण्याबरोबर वर येतो, त्यामुळे नुसत्या पाण्याचाही डाग पडतो आणि तो धुऊन जाण्याऐवजी पसरतो. कोरड्या हवेच्या गावात, बूट घालून वावरणाऱ्या घरात ज्यूट चांगला टिकतो. पुण्याच्या पावसाळ्यात, रोज ओले फडके फिरणाऱ्या फरशीवर आणि मूल जमिनीवर लोळणाऱ्या खोलीत तो टिकणार नाही. ताईंनी तुकड्यावर गाल टेकवून पाहिला आणि ज्यूट यादीतून काढून टाकला.

४ जुलै २०२४

शहरातील एका दुकानातून तीन नमुने घरी आणले आणि रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर तपासले.

पहिला नमुना “बांबू सिल्क” म्हणून दिला होता. हे नाव ऐकायला गोड आहे, पण तो रेशमाचा धागा नव्हे. तो लाकूड किंवा बांबूच्या लगद्यापासून रसायनांच्या साहाय्याने काढलेला व्हिस्कोस आहे. त्याची चकाकी खरोखर देखणी असते आणि हात फिरवला की छाया बदलते. मात्र व्हिस्कोस ओला झाला की त्याचे बळ जवळजवळ निम्म्यावर येते, पुसताना लव चोळामोळा होते आणि वाळल्यावर तो भाग पिवळट, राठ राहतो. चार वर्षांपूर्वी मी स्वतः एका घरात असा गालिचा रेशीममिश्रित समजून घालू दिला होता. तिथे सरबताचा एक पेला सांडला आणि स्वच्छ करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाबरोबर डाग मोठा होत गेला. त्या घरी मी नंतर दोनदा गेले आणि दोन्ही वेळा तो कोपरा खुर्चीखाली झाकलेला पाहिला. तेव्हापासून जाळून पाहिल्याशिवाय कोणताही धागा मी मान्य करत नाही.

कडेची चार-पाच सुते उपटून चिमट्यात धरली आणि काडी लावली. व्हिस्कोस कागदासारखा भुरकन पेटला आणि करडी, हलकी राख राहिली. दुसरा नमुना “शुद्ध लोकर” म्हणून सांगितला होता. ज्योत लागताच त्यातील काही तंतू आक्रसले आणि जळक्या केसांचा वास आला, पण काही वितळले आणि चिमट्याच्या टोकाला काळा, टणक मणी धरला, जो नखाने फुटेना. म्हणजे त्यात कृत्रिम धागा मिसळलेला होता. तिसरा नमुना मात्र खरा निघाला : ज्योत काढताच विझला, केसांचाच वास आला आणि राख चिमटीत पावडर झाली.

दुसऱ्या नमुन्याबाबत आणखी एक गोष्ट खटकली. त्याला चौरस इंचाला २०० गाठी, म्हणजे विणताना हाताने मारलेल्या सुताच्या गाठी, असल्याचे सांगण्यात आले होते. माझ्याकडे पुठ्ठ्याला एक इंचाची चौकोनी खिडकी कापलेली पट्टी आहे; ती गालिच्याच्या पाठीवर ठेवून मोजले, तर आडव्या ९ आणि उभ्या ९, म्हणजे ८१ गाठी भरल्या. ८१ गाठींचा गालिचा वाईट नसतो. साध्या, भौमितिक नक्षीला तेवढ्या पुरतात आणि बारीक फुला-पानांच्या नक्षीलाच जास्त लागतात. पण ८१ ला २०० म्हणणाऱ्याकडून पुढची कोणतीही गोष्ट विकत घेता येत नाही. त्या दुकानाकडे परत जायचे नाही.

९ जुलै २०२४

ताईंचे यजमान आज भेटले आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला : “हातगाठींचा गालिचा तुम्ही टफ्टेडच्या चौपट किमतीचा सांगता आहात, दोन्ही हातानेच केलेले आहेत आणि दोन्ही लोकरीचे आहेत, मग फरक कशाचा?”

मी दोन्ही नमुने उलटे करून त्यांच्या हातात दिले. टफ्टेड गालिच्यात हातयंत्राने सूत कापडात टोचलेले असते. ते सुटू नये म्हणून मागे लॅटेक्सचा (रबरी चिकाचा) थर देतात आणि वर दुसरे कापड चिकटवतात. काही वर्षांनी तो थर वाळतो, त्याची पूड फरशीवर पडू लागते आणि दमट हवेत रबराचा वास येतो. हातगाठींच्या गालिच्यात उभ्या ताणलेल्या सुतांवर एकेक गाठ मारून ती कापतात, ओळ पूर्ण झाली की आडवे सूत ठोकून बसवतात. त्याच्या पाठीवर नक्षी तशीच्या तशी दिसते, कारण तिथे चिकटवलेले काहीच नसते. टोकांचे गोंडे म्हणजे तीच उभी सुते असतात. टफ्टेडला गोंडे असलेच तर ते नंतर शिवलेले असतात. गाठींचा गालिचा धुता येतो, उसवला तर रफू करता येतो.

मग हिशोब मांडला. ६ बाय ९ फूट म्हणजे ५४ चौरस फूट, म्हणजे ७,७७६ चौरस इंच. इंचाला ८० गाठी धरल्या तरी ६,२२,०८० गाठी. प्रत्येक गाठ कुणाच्या तरी बोटांनी मारलेली. यजमान काही वेळ कागदाकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी विचारले की ही बोटे लहान मुलांची तर नसतात ना. हा प्रश्न ग्राहकांकडून मी फार क्वचित ऐकते आणि तो ऐकून बरे वाटले. गालिच्याच्या धंद्यातील बालमजुरीविरुद्ध कैलाश सत्यार्थी यांनी उभ्या केलेल्या चळवळीतून १९९४ मध्ये ‘रगमार्क’ हे मुलांना कामाला न लावता विणलेल्या गालिच्यांचे प्रमाणचिन्ह सुरू झाले. आता त्याचे नाव ‘गुडवीव्ह’ आहे आणि गालिच्याला लावलेल्या त्याच्या प्रत्येक चिठ्ठीवर स्वतंत्र क्रमांक असतो. हातगाठींचा गालिचा अशी चिठ्ठी असलेल्याच कारखानदाराकडून घ्यायचा, असे आम्ही दोघांनी ठरवले.

१६ जुलै २०२४

आज या प्रकल्पातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट घडली आणि ती माझ्या आराखड्याच्या विरुद्ध गेली.

हॉलसाठी माझ्या मनात पहिल्यापासून हातगाठींचा गालिचा होता. व्यापाऱ्याने पसंतीसाठी दोन गालिचे पाठवले होते : १२ मिलिमीटर लवेचा हातगाठींचा एक, आणि लव नसलेली, सपाट विणलेली लोकरी पंजा दरी, जिची जाडी ६ मिलिमीटर आहे. पंजा म्हणजे वाघाच्या पंजासारखे दातेरी लोखंडी हत्यार. त्याने आडवे सूत ठोकून बसवतात, म्हणून हे नाव.

हातगाठींचा गालिचा पसरला तेव्हा खोलीचा आवाजच बदलला. टीव्हीचा घुमारा कमी झाला आणि मुलगा त्यावर पालथा झोपला. सगळे खूश होते. तेवढ्यात आजी दिवाणावरून उठून स्वयंपाकघराकडे निघाल्या. त्या डावा पाय किंचित घासत चालतात. फरशीवरून गालिच्यावर येताना त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा कडेला अडला, त्यांनी सोफ्याचा हात धरला आणि त्या थांबल्या. पडल्या नाहीत. “काही नाही, सवय होईल,” असे म्हणून पुढे गेल्या. परत येताना मात्र त्यांनी गालिच्याला पूर्ण वळसा घातला.

मी तो गालिचा लगेच गुंडाळला आणि त्याच जागी दरी अंथरली. आजींना काहीच न सांगता त्यांच्या पुढच्या तीन फेऱ्या पाहिल्या. तीनही वेळा त्या सरळ दरीवरून गेल्या.

आपल्याच घरात एखाद्या माणसाला वळसा घालून चालावे लागेल अशी वस्तू हॉलच्या मध्यभागी घालण्याचा मला अधिकार नाही. हॉलसाठी लोकरी पंजा दरी, मिर्झापूरच्या विणकरांकडून, ६ बाय ९ फूट. हातगाठींचा गालिचा शयनगृहात जाईल. आजींच्या खोलीत काहीही सुटे अंथरायचे नाही.

२० जुलै २०२४

रंगाचे नमुने सकाळी ८, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ असे तीन वेळा त्याच जागेवर, जमिनीवर ठेवून पाहिले. हातात धरलेला नमुना आणि पायाशी पडलेला नमुना यांच्यावर प्रकाश सारखा पडत नाही, म्हणून टेबलावर रंग ठरवणे मला मान्य नाही. जो राखाडी सकाळी शांत वाटत होता, तो पिवळसर दिव्याखाली चिखलासारखा दिसला. विटकरी रंग तीनही वेळा टिकला. हस्तिदंती फरशी आणि करड्या-हिरव्या सोफ्याच्या मध्ये तो बसतोही छान. त्यातच पुण्याची धूळ फार फिकट रंगावर आणि फार गडद रंगावर सारखीच उठून दिसते, मध्यम रंगात ती मुरते. ओला पांढरा रुमाल नमुन्यावर पन्नास वेळा घासला, रंग आला नाही.

पट्टे कसे असावेत यावर अडलो होतो. तेव्हा आजी म्हणाल्या, “माळ्यावरची सतरंजी काढा की.” ती काढली. पाच फुटांहून थोडी जास्त लांब, जाड सुताची, निळे आणि पांढरे रुंद पट्टे आणि त्यांच्या कडेने कुंकवाच्या रंगाची बारीक रेघ. आजींच्या लग्नात आलेली, येरवड्याच्या तुरुंगात विणलेली, असे त्या सांगतात. येरवडा कारागृहातील सतरंज्यांचे काम जुने आहे आणि पुण्यातल्या अनेक घरांत त्या होत्या. घडीच्या रेषेवर दोन ठिकाणी ती विरली आहे, बाकी वीण घट्ट आहे. एवढी वर्षे वापरल्यावरही निळा रंग स्वच्छ आहे.

दरीच्या विटकरी जमिनीवर, म्हणजे मूळ रंगावर, निळे पट्टे आणि त्यांना तशीच बारीक रेघ, पट्टे खोलीच्या लांबीच्या दिशेने, असे रेखाटन तिथेच बसून केले. सतरंजी रफू करून मुलाच्या खोलीत घालायची. सुती असल्याने ती धुता येते आणि मुलाच्या खोलीत तेच हवे. तिच्या जोडीला दुसरी लागली तर धारवाड जिल्ह्यातील नवलगुंदच्या स्त्रिया विणतात तो जमखाना पाहावा, अशी नोंद करून ठेवली आहे.

२४ जुलै २०२४

दोन्ही मागण्या लेखी पाठवल्या. दरीला गोंडे नकोत, टोके आत दुमडून शिवलेली हवीत, कारण गोंड्यांत केरसुणी अडकते आणि ते सहा महिन्यांत काळे पडतात. मापात २ इंचांपर्यंत फरक चालेल, हेही लिहिले; हातमागावरच्या कामात तेवढा फरक येतोच आणि तो मान्य करूनच मागणी द्यावी.

शयनगृहाचा गालिचा भदोहीकडून येईल. तिथल्या हातगाठींच्या गालिच्यांना २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. माप इथेही ६ बाय ९, पण पलंगाला आडवा : पलंग ६ फूट रुंद आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट गालिचा राहील आणि सकाळी उठल्यावर पहिला पाय लोकरीवर पडेल. पलंगाच्या कडेची टेबले फरशीवरच ठेवायची. ८० गाठी, ९ मिलिमीटर लव, दोनच रंग. रंग नमुन्यांच्या पेटीतल्या रंगीत लोकरीच्या गोंड्यांवरून निवडले, छापील तक्त्यावरून नाही.

११ सप्टेंबर २०२४

गौरीपूजनाला घरी जाणे झाले. मखर टीव्हीच्या युनिटपुढे होते आणि आरतीला हॉलमध्ये १४ माणसे होती, त्यातली निम्मी खाली बसलेली. पुढच्या वर्षी या दिवसांत गालिचा गुंडाळून ठेवावा लागेल आणि तो एका माणसाला उचलता यायला हवा. दरीचा निर्णय या दृष्टीनेही बरा झाला.

२६ सप्टेंबर २०२४

दरी आली. माप ६ फूट १ इंच बाय ८ फूट ११ इंच भरले. वजन ९ किलो. एक कोपरा वर वळत होता, म्हणून दोन दिवस उलटी अंथरून ठेवायला सांगितली. दरी दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने त्यात काही बिघडत नाही.

खाली नमदा (दाबून बनवलेले लोकरीचे कापड) आणि नैसर्गिक रबर यांचे ३ मिलिमीटरचे अस्तर घातले आहे, दरीपेक्षा प्रत्येक बाजूने एक इंच आखूड, म्हणजे कड आपल्या वजनाने फरशीला टेकते. स्वस्त पीव्हीसीची जाळी मी वापरत नाही, कारण ती दमट हवेत चिकट होते आणि फरशीवर पिवळे डाग सोडते.

मावशींशी अर्धा तास बोलले. आधी मी ठरवून आले होते की फरशी पुसताना दरी पूर्ण गुंडाळून सोफ्यावर ठेवावी. मावशींनी ते करून पाहिले आणि मला म्हणाल्या, “ताई, टीपॉय रोज कोण हलवणार?” त्यांनीच मार्ग सुचवला : रोज दरीच्या कडेभोवती हात-दोन हात अंतर सोडून पुसायचे, कडेलगत कोरडे फडके फिरवायचे, आणि आठवड्यातून एकदा, रविवारी घरातली माणसे मदतीला असताना, अर्धी दरी दुमडून खालची फरशी पुसायची आणि पंख्याखाली पूर्ण वाळल्यावरच परत सोडायची. माझ्या पद्धतीपेक्षा ही चांगली आहे आणि ती पाळली जाईल. ओल्या फरशीवर लोकर टाकली की ती ओलावा चुपचाप पिऊन घेते, हाताला ओली लागतही नाही, आणि वास आल्यावरच कळते. हे मी मावशींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “घोंगडीचं पण तसंच असतंय.” त्यांच्या गावाकडच्या घरात घोंगडी आहे. पुढे मला काही समजावून सांगावे लागले नाही.

१२ डिसेंबर २०२४

शयनगृहाचा गालिचा दिवाळीपूर्वी येणार होता, आज आला. विणून झाल्यावर धुणे, ताणणे आणि लव कातरून सारखी करणे यांत जादा पाच आठवडे गेले. मी ताईंना सुरुवातीलाच जानेवारी सांगायला हवे होते.

दाराखाली ८ मिलिमीटर फट होती आणि गालिचा अस्तरासह १५ मिलिमीटर भरतो. दार उघडताना कोपऱ्यावर येत असल्याने सुताराकडून दार उतरवून खालची कड १२ मिलिमीटर रंधली आणि कच्च्या लाकडाला पॉलिश मारून घेतले. हे मापे घेतानाच लक्षात घेतले होते म्हणून दाराचे लॅमिनेट खालच्या कडेला आधीच उघडे ठेवले होते.

गालिचा कोणत्या बाजूने अंथरायचा यावर बराच वेळ दिला. लवेला झुकाव असतो. एका बाजूने पाहिले तर रंग उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसतो. दारातून उजळ बाजू दिसेल असा फिरवला. निळ्या जमिनीत मधेच एक पट्टा किंचित फिका आहे, सुताचा नवा घाणा लागल्यावर रंगात फरक येतो तसा. ताईंनी विचारले की हा दोष आहे का. मी त्यांना हात लावून पाहायला सांगितले : वीण आणि उंची तीच आहे, फक्त दुसऱ्या दिवशी रंगवलेली लोकर आहे. त्यांनी तो तसाच ठेवायचे ठरवले.

पहिले काही महिने लोकरीचा भुसा निघत राहील, त्याला घाबरू नये, असे लिहून दिले. व्हॅक्यूम फिरवताना फिरता ब्रश बंद ठेवावा. पलंगाखाली जो भाग जातो तिकडे महिन्यातून एकदा तरी नक्की पोहोचावे, कारण कसर अंधाऱ्या, न हललेल्या जागेतच लागते आणि वर चालण्याच्या भागाला काहीही झालेले नसताना पलंगाखालची लव खाऊन टाकते.

२ फेब्रुवारी २०२५

पाहणीसाठी भेट. दरी जागेवरून हललेली नाही. तिच्या पश्चिमेकडच्या कडेला रंग अजून तसाच आहे, तरी गॅलरीचे आतले पातळ पडदे चारनंतर ओढायचे ठरले आणि मार्चमध्ये दरी अर्ध्या वर्तुळात फिरवायची, म्हणजे ऊन आणि वाट दोन्हींची झीज वाटली जाईल. दक्षिण कडेला अस्तराचा कोपरा थोडा सरकला होता, तो बसवला. रविवारी मावशींना सुटी असते, म्हणून दरीखालची फरशी पुसण्याचा दिवस आता शनिवार झाला आहे.

सतरंजीचे दोन्ही रफू नीट बसले आहेत. मुलाने तिच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गाड्यांचा रस्ता केला आहे. आजी त्याच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या आणि कुंकवाच्या रंगाची रेघ एका ठिकाणी तुटली आहे, ती त्याच सुताने भरून मिळेल का, असे त्यांनी विचारले. तसे सूत रफूवाल्याकडे शिल्लक आहे. पुढच्या आठवड्यात त्याला पाठवते.